थीम ठरल्यावर कोपऱ्यांत काय बदलायचे?

जून महिन्यात बालवाडीच्या वर्गात पाऊल टाकले की बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसते. भिंतीवर कार्डशीटची छत्री, तिच्यावर कापसाचे ढग, निळ्या घोटीव कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस आणि बाजूला चमकीने मढवलेला मोर. सजावट करणाऱ्या ताईंचे रविवार त्यात गेलेले असतात आणि प्रवेशोत्सवाला आलेले पालक त्या भिंतीपुढे मुलांना उभे करून फोटो काढतात. मुले मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीकडे पाठ करून सतरंजीवर ओळीने बसतात आणि पाटीवर उभ्या रेघा गिरवतात. वर्गाने 'पाऊस' ही थीम घेतल्याची नोंद वहीत झालेली असते, पण पावसाशी मुलांचा जो संबंध येतो तो घरी जाताना, रस्त्यावरच्या डबक्यात.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बालवाडीत शिकवते. थीम, म्हणजे काही आठवडे वर्गात चालणारा विषय, ठरल्यावर वर्गातले कोपरे, म्हणजे एकेका खेळासाठी राखलेल्या जागा, कसे मांडायचे, किती बदलायचे आणि किती तसेच ठेवायचे, हे या कामाला नव्याने लागलेल्या ताई वारंवार विचारतात. तोंडी सांगताना त्यातले निम्मे राहून जाते, म्हणून हे लिहून ठेवत आहे.

आमचा वर्ग साधारण वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद आहे, त्यामुळे पुस्तकांत दाखवतात तसे सात-आठ कोपरे एकाच वेळी मांडणे शक्य नाही. खोलीत ठोकळे, भातुकली, चित्रकाम आणि पुस्तके असे चार कोपरे असतात. वाळू, पाणी आणि माती यांची जागा बाहेर ओसरीवर असते. सकाळच्या गप्पा आटोपल्या की तासभर मुले आपापल्या पसंतीच्या कोपऱ्यात जातात. प्रत्येक कोपऱ्याच्या तोंडाशी पाच खिळे ठोकलेले आहेत आणि आत जाणारे मूल आपले चित्र असलेली दोऱ्याची माळ तिथे अडकवते. खिळा रिकामा नसेल तर दुसरीकडे जायचे, एवढा एक नियम चार वर्षांच्या मुलालाही पहिल्या आठवड्यात कळतो आणि तो पाळला जावा म्हणून ताईला आवाज चढवावा लागत नाही. कोपरे एकमेकांपासून वेगळे करायला कपाटे लागतात असे नाही. गुडघ्याएवढ्या उंचीची दोन फडताळे आणि एक उलटे ठेवलेले बाकडे आम्हाला पुरते. ठोकळे आणि भातुकली शेजारी ठेवावीत, कारण त्यांच्यात दिवसभर ये-जा चालते. पुस्तकांचा कोपरा त्यांच्यापासून लांब आणि खिडकीजवळ असावा.

ही रीत नवी नाही. बालवाडीच्या कल्पनेचे जनक मानले जाणारे फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली, तेव्हाच लाकडी चेंडू, घन आणि नळकांडी मुलांच्या हातात दिली होती. इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह सुरू केले आणि मुलाच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर, जागच्या जागी मांडलेले साहित्य ही कल्पना रुजवली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी बनावटीची महागडी साधने गावाला परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने, माती आणि बांबू यांतून ताराबाई आणि अनुताईंनी साधने तयार केली. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा चालवली. आज थीम म्हणताना आपण जे शोधत असतो, ते मला कुरणशाळेच्या त्या निर्णयात सगळ्यांत स्पष्ट दिसते. मूल ज्या कामात आणि ज्या जागेत रोज वावरते, तिथूनच त्याच्या शिकण्याची सुरुवात करायची.

आपल्या हाती पडणाऱ्या वार्षिक नियोजनात मात्र थीमची यादी वेगळीच असते. फळे, फुले, भाज्या, पाळीव प्राणी, वाहने, आपले मदतनीस. ही सगळी वर्गवारीची नावे आहेत आणि वर्गवारी हे मोठ्या माणसाच्या डोक्यातले काम आहे. 'फळे' अशी थीम घेतली की कोपऱ्यात ठेवायला फळांची चित्रे, प्लॅस्टिकची फळे आणि फळांचा तक्ता यापलीकडे काही सुचत नाही, आणि मुलालाही नावे म्हणून दाखवण्यापलीकडे काही करता येत नाही. त्याऐवजी 'आठवडी बाजार' घेतला तर तिथे विकणारा असतो, घेणारा असतो, हमाल असतो, तागडी, पोती, पिशव्या, सुटे पैसे, ओरडणे, घासाघीस आणि उन्हासाठी बांधलेले कापडही असते. फळे आणि भाज्या त्यात न सांगता येतात. त्याच न्यायाने 'वाहने' सोडून 'एसटी स्टँड' घ्यावे, 'पाळीव प्राणी' सोडून 'गोठा' घ्यावा आणि 'आपले मदतनीस' सोडून 'दवाखाना' घ्यावा. मुलाने पाहिलेली एखादी जागा किंवा तिथे चालणारे काम, जिथे माणसांच्या भूमिका ठरलेल्या आहेत आणि एकामागून एक गोष्टी घडतात, तीच थीम कोपऱ्यांत जीव धरते. नियोजनाच्या वहीत 'भाज्या' लिहावे लागत असेल तर जरूर लिहावे. वर्गात बाजार भरवायला त्या नोंदीची आडकाठी होत नाही.

बाजाराचीच गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे ही थीम सर्वांत जास्त रंगते. आधी मुलांना घेऊन बाजारच्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष जाऊन यावे. तिथे काही शिकवू नये, 'हे काय आहे' असे विचारत फिरू नये; एकदोन ठिकाणी निवांत उभे राहून बघू द्यावे आणि दोन किलो बटाटे, थोडी वांगी, लिंबे आणि कांदे मुलांच्या हातूनच विकत घ्यावेत. परत आल्यावर भातुकलीच्या कोपऱ्यातली निम्मी भांडी उचलून पेटीत ठेवायची आणि त्या जागी एक गोणपाट, दोन परड्या, एक जुनी तागडी, कापडी पिशव्या आणि कागदाच्या कोऱ्या चिठ्ठ्या ठेवायच्या. प्लॅस्टिकची भाजी ठेवू नये. तिला वजन नसते, वास नसतो, ती सुकत नाही आणि सडत नाही, त्यामुळे तिच्याशी खेळताना मुलाला कोणताच प्रश्न पडत नाही.

खऱ्या बटाट्यांमुळे काय घडते ते पाहण्यासारखे असते. एका दिवशी गोणपाटावर बसलेल्या मुलीने तागडीच्या एका पारड्यात दगड ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात एक भला मोठा बटाटा टाकला. पारडी सारखी झाली, गिऱ्हाईक बटाटा घेऊन गेले. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच दगडाला तीन लहान बटाटे आले. पहिले गिऱ्हाईक तिथेच घुटमळत होते, त्याने भांडण काढले, "तिला तीन दिलेस, मला एकच." विकणारी म्हणाली, "वजन बरुबर हाय की." तो ऐकेना, तेव्हा तिने त्याचा मोठा बटाटा परत घेतला, एका पारड्यात तो आणि दुसऱ्यात ते तीन ठेवले आणि तागडी हातात वर धरून त्याच्या नाकासमोर नेली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "तरी मला तीनच पाहिजेत." संख्या आणि वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर सांगून त्या वयात कळत नाही, इथे एकाला ते कळले आणि दुसऱ्याला कळूनही पटले नाही, आणि दोन्ही ठीकच आहे.

त्याच कोपऱ्यात कागदाच्या नोटा होत्या, पण दोन दिवसांत त्या मागे पडल्या. एका मुलाने पुठ्ठ्याचा तुकडा मागून घेतला, त्यावर क्यूआर कोडसारखे काळ्या खडूने चौकोन भरले आणि तो परडीला टेकवून ठेवला. गिऱ्हाईक मोबाइल म्हणून काड्यापेटी त्या पुठ्ठ्यापुढे धरायचे आणि विकणारा तोपर्यंत माल सोडायचा नाही, जोपर्यंत कुणीतरी यंत्राच्या आवाजात 'पन्नास रुपये मिळाले' असे म्हणत नाही. हा आवाज काढण्याचे काम इतके मानाचे ठरले की त्यासाठी पाळ्या लावाव्या लागल्या. मला ही गोष्ट फार आवडली, कारण सोशल मीडियावर फिरणाऱ्या कुठल्याही तयार मांडणीत ती सापडणार नाही. ती मुलांनी आपल्या डोळ्यांनी बाजारातून उचललेली होती.

भावाच्या पाट्याही मुलांनीच केल्या. वांग्याचे चित्र आणि शेजारी १०, लिंबाचे चित्र आणि शेजारी उलटा ५. तो उलटा ५ मी दुरुस्त केला नाही. गिऱ्हाइकाला तो वाचता येत होता, आणि काही दिवसांनी ज्या मुलाने लिहिला होता त्यानेच दुसऱ्याच्या पाटीवरचा अंक पाहून आपला खोडून पुन्हा लिहिला. पालक 'अजून लिहायला का लावत नाही' असे विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना या पाट्या आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा दाखवते. घरून आणायच्या सामानाची यादी म्हणून मुलांनी ओढलेल्या नागमोडी रेघा, त्यांत मध्येच स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर, हे पाहिल्यावर सगळ्यांचे समाधान होते असे नाही, पण बोलणे निदान गिरवण्यावरून लिहिण्यावर येते.

आता ठोकळ्यांचे. थीम आली की ठोकळ्यांच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची झाडे, खेळण्यातली जनावरे आणि रंगीत फलक भरण्याची खोड पुष्कळांना असते. माझ्या मते हा कोपरा जवळपास तसाच ठेवावा. न्यूयॉर्कमध्ये १९१४ मध्ये शाळा काढणाऱ्या कॅरोलिन प्रॅट यांनी जे लाकडी ठोकळे घडवले, त्यांचे बळ त्यांच्या साधेपणात आहे. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, त्याच्या निम्मा रुंद आणि रुंदीच्या निम्मा जाड असतो, आणि बाकीचे सगळे त्याच्या दुप्पट, चौपट किंवा अर्धे असतात. त्याला रंग नाही, चित्र नाही, त्यामुळे तो आज घाट होतो आणि उद्या गुऱ्हाळ होते. विकतचा संच महाग पडतो. आम्ही गावातल्या सुतारमामांना माप दिले आणि त्यांनी दरवाजांच्या उरलेल्या तुकड्यांतून ठोकळे कापून, पॉलिशपेपरने घासून दिले. कडा गोल करून घ्यायला विसरू नये आणि माप मात्र काटेकोर धरावे, कारण दोन अर्धे मिळून एक पुरा झाला नाही तर मुलाने बांधलेली भिंत कलते आणि दोष मुलाला आपल्या हाताचा वाटतो. थीमसाठी या कोपऱ्यात एखादी दोरी, चार काड्या आणि एक कापडाचा तुकडा एवढीच भर पुरे.

या 'एवढीच भर' म्हणण्याला आधार आहे तो ऊसतोडीचा. हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात, गावाबाहेर उसाच्या वाढ्यांच्या आणि पाचटाच्या कोपी, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि त्यांतली काही लहान मुले दोन-चार महिन्यांसाठी आमच्या वर्गात येतात. पहिले काही दिवस ती बोलत नाहीत. त्यांची बोली थोडी निराळी, ओळख कुणाची नाही, आणि इथल्या मुलांना खेळाचे सगळे नियम पाठ झालेले. अशा वेळी 'आपल्या गावातला ऊस' ही थीम घेतली तर वर्गातला जाणकार बदलतो. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात काड्या, दोरी आणि कापड ठेवले होते; त्या मुलांपैकी एकाने दोन काड्या वरच्या टोकाला बांधून कापड असे टाकले की कोपी झाली, आणि दार कुठल्या बाजूला ठेवायचे यावर त्याने कुणाचेही ऐकले नाही. मग मोळी कशी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत कशी चढायची, गाडी कारखान्यात गेली की आधी वजनकाट्यावर का लावायची, हे तो सांगत गेला आणि आमची मुले त्याच्या हाताखाली मोळ्या बांधत राहिली. जाड ठोकळ्यांचा काटा झाला, एकजण कागद घेऊन वजन लिहायला बसला आणि चित्राच्या कोपऱ्यातून पावत्या मागवल्या गेल्या. कोयता मात्र मी पुठ्ठ्याचाही ठेवला नाही. तो त्यांनी काडीचाच केला आणि मी त्यावर काही बोलले नाही. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. अशा मुलाच्या घराची परिस्थिती इतरांना 'समजावून' सांगायच्या मोहात पडू नये. त्याला माहीत असलेले काम वर्गात मोलाचे ठरले, तेवढ्यावर थांबावे.

पाण्याचा आणि मातीचा कोपरा ओसरीवर असल्याने तिथे थीम आपोआपच ऋतूबरोबर येते. पावसाळ्यात घमेली, नरसाळे, निरनिराळ्या उंचीचे डबे, पपईच्या देठाच्या नळ्या आणि एक गाळणी दिली की पुढचे मुलेच ठरवतात. पागोळ्यांखाली कुणाचा डबा आधी भरतो ही शर्यत वर्षानुवर्षे तशीच चालत आली आहे. आषाढात बेंदूर हा बैलांचा सण येतो तेव्हा माती मळून ठेवायची आणि बैल करायचे. आमच्याकडे कुंभाराकडून आणलेली बैलजोडी त्या दिवशी घराघरांत पुजली जाते, त्यामुळे बैल कसा असतो हे मुलांना ठाऊक असते. मातीचा साचा देऊ नये. पायांवर उभा न राहणारा बैल बसलेला बैल म्हणून खपवण्याची युक्ती त्यांना आपोआप सुचते. दवाखान्याच्या थीमबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, ती कुठेही रंगते. एवढेच पाहावे की सुई टोचणाऱ्या डॉक्टरांखेरीज केसपेपर काढणारे, औषध देणारे आणि बाकावर वाट पाहणारे यांनाही काम मिळेल.

पुस्तकांचा कोपरा बदलावा, पण संथपणे. थीमशी जुळणारी तीन-चार पुस्तके पुढे मांडावीत, बाकीची जुनीच राहू द्यावीत, कारण ज्या मुलाला बाजारात काडीचा रस नाही त्यालाही तिथे जागा हवी. तयार पुस्तके कमी पडतात तिथे आम्ही मुलांचीच पुस्तके शिवतो. बाजारात कुणी काय पाहिले ते प्रत्येकाने एका कागदावर काढायचे, ते जसे सांगतील त्याच शब्दांत मी खाली लिहायचे आणि सुईदोऱ्याने पाने टाचायची. 'मावशी टमाटे फेकत हुती, नासके' हे वाक्य त्या पुस्तकात आहे तसेच आहे. प्रमाण मराठीत ते बदलावे असे मला कधी वाटले नाही. मूल ते बोट ठेवून 'वाचते', कारण ते त्याचेच आहे.

या सगळ्यात ताईने काय करायचे, हा प्रश्न उरतो. कोपऱ्याच्या बाहेर उभे राहून 'काय चाललंय, कोणता रंग आहे हा?' असे विचारल्याने खेळ मोडतो. मी पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून जाते आणि विकणाऱ्यापुढे एखादी अडचण टाकते. अर्धा किलोच हवे आहे, किंवा कालचे बटाटे खराब निघाले, किंवा माझ्याजवळ शंभरचीच नोट आहे. अडचण टाकली की उत्तराची वाट पाहावी आणि ते मिळाले की सामान घेऊन निघून जावे. "घ्या की ओ ताई, ताजी हाय," असे मागून ओरडणारा मुलगा सकाळच्या गप्पांमध्ये तोंड उघडत नाही. म्हणून मुलांच्या भाषेची माझी नोंद कोपऱ्यातच होते, प्रश्नोत्तरांच्या वेळी होत नाही. दप्तरी नोंदीसाठी खिशात एक छोटी वही ठेवावी. दिवसाला तीन मुलांबद्दल एकेक वाक्य लिहिले तरी महिन्याअखेर सगळ्यांबद्दल काही ना काही जमते. मोबाइलने फोटो काढत राहिले की मुले फोटोसाठी खेळू लागतात.

२०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वयोगटासाठी खेळ हाच शिकण्याचा मार्ग मानला आहे, त्यामुळे कोपऱ्यांना आता कागदोपत्री विरोध उरलेला नाही. खरी अडचण वेळेची आहे. महिन्याला दोन-दोन थीम 'पूर्ण' करायच्या म्हटल्या की मुले तागडी धरायला शिकतात न शिकतात तोच ती उचलावी लागते. एक थीम तीन-चार आठवडे तरी राहावी. तिची वेळ संपली हे मुलेच दाखवतात. खिळे रिकामे राहू लागतात, तेच भांडण तीनदा होते किंवा परड्या डोक्यावर टोपी म्हणून फिरू लागतात. त्यानंतर सामान एकदम काढू नये, रोज थोडे पेटीत टाकावे. भाजी तोवर तशीही घरी गेलेली असते.

पुढची थीम बहुतेक वेळा आधीच्या खेळातच डोकावलेली असते. बाजारातला माल कुठून येतो यावर बोलणे चालले असताना कुणीतरी टेम्पो केला, दुसऱ्याने त्याला खुर्च्या जोडल्या, तिसरा मागे उभा राहून दोरी ओढत दोनदा घंटी वाजवू लागला आणि टेम्पोची एसटी झाली. तरी ती थीम आम्ही लगेच घेत नाही. एसटी स्टँड दिवाळीच्या सुट्टीनंतरच मांडतो, कारण तोवर बहुतेक मुले मामाच्या गावाला एसटीने जाऊन आलेली असतात आणि तिकिटे त्यांच्या आयांच्या पर्समधून जपून आणलेली असतात.